चौथ्या मजल्यावरचं पाणी

आत्माराम पेडणेकराला कुणी आळशी म्हटलं असतं तर त्याने भांडणच उकरून काढलं असतं. विमा कंपनीतला कारकून, वय अडतीस, आणि चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात दहा आठवड्यांत तीन मॅरेथॉन पळायच्या म्हणून पहाटे साडेचारला उठून मिठागरांच्या बांधांवर वीस-पंचवीस किलोमीटर धावणारा माणूस! मिरा रोडच्या पेणकरपाड्यातली त्याची अख्खी बिल्डिंग कौतुक करायची. गडी चिवट होता, त्यात वाद नाही.

तीन शर्यती इतक्या लागोपाठ म्हणजे पायांचं भुस्कटच. ऑफिसातला उत्तनचा लुईस एके काळी स्वतः पळायचा. त्याने बजावलं होतं, "जिन्यावरून चढउतार न्हाय करायची, वजन न्हाय उचलायचं. पाय हायत तर शर्यत हाय." झालं! आत्मारामने ते अगदी मनावर घेतलं.

आता मिरा रोडला तेव्हा नळ असायचे, पाणी नसायचं. सकाळी साडेसहाला टँकर यायचा. यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. आधी नवरा-बायको मिळून पाणी भरायची. नोव्हेंबरपासून सुचेता एकटी भरायला लागली. खांद्यावर हंडा घेऊन रोज सहा खेपा. आणि आमचे वीर? पळून आले की खुर्चीत बसून गरम पाण्याच्या टबात पाय सोडायचे. त्या टबातही तिनेच आणलेलं पाणी.

एकदा त्याने विचारलं, "आज मी आणू का गं?"

"राहू दे. पाय दुखावले म्हणजे?" सुचेता म्हणाली आणि पाचव्या खेपेला खाली गेली.

विचारलं तेव्हाही पाय टबातच. असल्या विचारण्याला काय अर्थ आहे, सांगा! पण आपण विचारलं, म्हणजे सुटलो, असं त्याला वाटलं.

पहिली शर्यत झाली, दुसरी झाली, फेब्रुवारीत तिसरीही त्याने पुरी केली. सोसायटीने गच्चीवर सत्कार ठेवला. सेक्रेटरी शहाभाई माइकवरून ओरडले, "शॉल भाभीजी के हाथ से!"

सुचेता शाल घेऊन पुढे आली. उजवा हात छातीपर्यंत आला आणि अडला. तिने ओठ मिटून पुन्हा जोर लावला.

"वाका ना जरा," ती पुटपुटली. "हात वर जात नाहीये."

"कधीपासून?"

"तुमच्या दुसऱ्या शर्यतीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तिसरी पळाला असतात?"

तो वाकला. बायकोपुढे वाकला म्हणून गच्चीभर हशा पिकला. आत्मारामला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने ही बाई आपल्या डोळ्यांदेखत हंडे वाहत होती आणि आपण स्वतःच्या पोटऱ्या चोळत बसलो होतो! लाज वाटली.

शहाभाईंनी माइक हातात दिला. "बोलो आत्मारामभाई, तैयारी कैसी की?"

सांगून टाकायचं, आत्ताच, सगळ्यांसमोर. त्याने ठरवलंसुद्धा. समोर पन्नास माणसं कौतुकाने बघत होती.

"मी पहाटे साडेचारला उठायचो," तो म्हणाला. आणि मग बांध, किलोमीटर, वारा असं पाच मिनिटं बोलत राहिला. पाण्याबद्दल अवाक्षर निघालं नाही. पहिल्या रांगेत सुचेता डाव्या हाताने उजवा खांदा दाबत ऐकत होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.