बेल्जियमची केरसुणी

त्या वर्षी दिवाळीला आई येऊ शकली नाही. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली होती. तिला यायची बंदी, मला जायची बंदी. एरवी लक्ष्मीपूजनाला ती पुण्याहून इथे ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सच्या माझ्या घरी हजर असायची. एकदा तर बॅगेतून शिंदीच्या पानांची केरसुणी घेऊन आली आणि विमानतळावर ती जप्त झाली. "अगं, लक्ष्मी कचऱ्यात टाकली त्यांनी," म्हणत दोन दिवस धुमसत होती. मला तेव्हा तिची लाज वाटली होती. आता माझीच वाटते.

घरगुती वस्तू आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी होते. मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन त्या वर्षी स्क्रीनवरच भरणार होतं. बेल्जियमचे डिझायनर तिकडून बोलणार आणि मी माझ्या जेवणाच्या टेबलावरून इथल्या दुकानदारांना नमुने दाखवणार, असं ठरलं. खोकी आली. जुन्या फळ्यांतून कोरलेले वाडगे, लिननचे टॉवेल, आणि गवताच्या काड्यांचा हाताने बांधलेला एक झाडू. मुठीला पांढरा दोरा गुंडाळलेला. जंतुमुक्त केल्याचा दाखला सोबत होता, म्हणून तो सुखरूप सुटला. साठीच्या एका बाईंनी तो बांधला होता. नमुना तेवढा एकच, आणि त्यांच्या कार्यशाळेची पुढच्या वर्षाची सगळी आशा त्यावर.

प्रदर्शनाच्या आधीच्या शनिवारी लक्ष्मीपूजन होतं. आईने व्हिडिओवर पाट बघितला, रांगोळी बघितली.

"केरसुणी कुठाय?"

"मिळाली नाही गं."

"मग ती मागे काय टेकवलीयस?"

ती ऑफिसची आहे, सॅम्पल आहे, असं मी दहादा सांगितलं. पण आईपुढे कोणाचं काय चाललंय! "नुसतं बोट टेकव," ती म्हणाली. टेकवलं. हळदीचं एक, कुंकवाचं एक. पुसायला गेले तर डाग आणखीच पसरला.

प्रदर्शनात मी डागाची बाजू मागे ठेवून झाडू धरला. मेलबर्नची एक दुकानदारीण म्हणाली, "जरा फिरव ना, मेट." फिरवला. "हा डिफेक्ट आहे का?"

झाडू बांधणाऱ्या बेल्जियमच्या बाई पडद्यावर होत्याच. नैसर्गिक रंग म्हणून खपवता आलं असतं, पण मग त्यांच्या कामाला बट्टा लागला असता. मी सांगून टाकलं की चूक माझी आहे, आमच्याकडे दिवाळीत झाडूची पूजा करतात. दुकानदारीण "हाऊ लव्हली!" म्हणाली आणि वाडग्यांकडे वळली. झाडूची ऑर्डर काही आली नाही.

सगळे गेल्यावर मी बाईंची माफी मागितली, आईच्या हट्टाने बोट टेकवलं हेही सांगितलं. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. "पूजा झाली की त्याने झाडता?"

"हो, दुसऱ्या दिवसापासून."

"मग तुझ्या आईला विचार, मूठ जाड वाटते का? मला पहिल्यापासून तीच शंका आहे."

मी म्हणाले, "आईने तो हातात धरलेलाच नाही. ती पुण्यात आहे. तिला येऊ देत नाहीत." आणि इतके महिने फोनवर हसून बोलणारी मी एका परक्या बाईसमोर लहान पोरीसारखी रडले. मला आई हवी होती, बाकी काही नाही.

बाई म्हणाल्या, "आज इतक्या लोकांनी प्रश्न विचारले, त्यांच्यापैकीही कोणी तो धरलेला नाही. तिलाच पाठवून दे."

झाडू दोन महिन्यांनी पुण्याला पोचला. मला पोचायला त्यानंतर आणखी वर्ष लागलं. पार्सल फोडल्या फोडल्या आईने फोन केला होता.

"मूठ जाडच आहे, सांग त्यांना. घर झाडून ठेवलंय. कधी येतेस?"