पळसाच्या पानातला रोहू
पळसाचं पान निखाऱ्यावर करपल्याचा वास आला, की मला आंबागडजवळचं आमचं अंगण आठवतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना हृदयाचा झटका आला. ते तलावात मासे धरायचे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तेल, तळलेलं, सगळं बंद करायला सांगितलं. रश्श्यावरच्या तेलाच्या तर्रीशिवाय वडिलांना घास उतरेना. खाटेवर पडून ते वाळत चालले. तेव्हा आईने भर वैशाखात निंबाखाली चूल मांडली. रोहूला मीठ, हळद, लसूण आणि कैरीचं वाटण चोळलं आणि पळसाच्या पानात बांधून तो निखाऱ्यावर ठेवला. पहिल्या दिवशी मासा वरून जळला, आत कच्चा राहिला. वडिलांनी ताट सरकवलं. "हे बिमाराचं जेवण मले नको." दुसऱ्या दिवशी तो पार कोरडा झाला. "काहून जीव जाळून राहिली उन्हात?" त्यांनी विचारलं. "तुमी खात नाही तवर रोज भाजीन," आई म्हणाली. तिसऱ्या दिवशी निखाऱ्यांवर राख धरेपर्यंत ती थांबून राहिली. पान उलगडलं तर मासा काट्यावरून अलगद सुटत होता आणि कैरीचा आंबट रस पानात साचला होता. वडिलांनी एक घास घेतला, मग दुसरा, आणि शेवटी हळूच विचारलं, "अजून एक आहे का?" पावसाळ्यानंतर ते पुन्हा तलावावर गेले आणि पुढे बारा वर्षं जात राहिले. मासा कोरडा झाला त्या दुपारी मीच आईला म्हणाले होते, "राहू दे न माय, खिचडी देऊ." तिने माझं ऐकलं नाही, हे माझं नशीब.