मैदानाच्या कडेला मी काय ओरडले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला तर नाहीच. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय. चार वर्षं झाली.

मी मुळातच भित्री. इथे जपानात, उरायासुला आलो तेव्हा सायकलवर बसायलाही घाबरायचे. आणि माझ्याच पोराला, ईशानला, काय आवडावं? अमेरिकन फुटबॉल. तेरा वर्षांचा, काडीपहिलवान, त्यात क्वार्टरबॅक. म्हणजे बॉल आधी त्याच्या हातात येणार आणि समोरची धिप्पाड पोरं त्याच्याच अंगावर धावून येणार.

त्यांचा एक डाव होता, ऑप्शन. ईशान बॉल घेऊन बाजूला पळायचा, जरा मागून त्याचा मित्र हारुतो. समोरचा गडी ईशानवर आला तर बॉल हारुतोकडे फेकायचा. तो हारुतोकडे वळला तर बॉल स्वतःकडेच ठेवून पळायचं. हे त्याने मला कितीदा समजावलं होतं, जेवताना वाट्या सरकवून सरकवून. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या रविवारी माझी आणि हारुतोच्या आईची, मोरी-सानची, ओचा-तोबान होती — पोरांना थंड चहा-पाणी द्यायची आयांची पाळी. म्हणून आम्ही मैदानाला अगदी खेटून उभ्या. डाव सुरू झाला. समोरचा तो आडदांड मुलगा हारुतोकडे वळला. मी पाहिलं. नीट पाहिलं. पण तो परत ईशानवर आला तर? मी जीव खाऊन ओरडले, मराठीत — "ईशू, टाक तो बॉल! त्याला दे!"

ईशान बॉल छातीशी धरून पुढे निघालाच होता. माझ्या आवाजाने दचकला. फेकला. हारुतोच्या हातात बॉल आणि अंगावर तो मुलगा, एकदमच. कॉलरबोन मोडलं. हारुतो ओरडलासुद्धा नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

सामन्यानंतर हान्सेइकाई असते. सगळे गोल करून उभे राहतात, ज्याने त्याने आपली चूक आपणच सांगायची. ईशान पुढे आला, कमरेत वाकला, म्हणाला, "माझा निर्णय चुकला." एवढंच. मी चहाचे ग्लास गोळा करत राहिले. पुढे यायला मला कुणी अडवलं होतं?

संध्याकाळी हॉस्पिटलात मोरी-सानने विचारलं — संशयाने नाही हो, सहज — "तुम्ही तेव्हा काय ओरडलात?" तिथे मराठी कळणारे आम्ही मायलेकच. मी म्हटलं, "दोघांना सांगत होते, सांभाळून रे पोरांनो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे दोन्ही हात धरून ती पुन्हा पुन्हा आभार मानत राहिली, माझ्या मुलाचीही काळजी केलीत म्हणून. ईशान शेजारीच उभा होता.

हारुतोने खेळ सोडला. महिन्याभरात ईशाननेही.

आणि त्या संध्याकाळपासून ईशान माझ्याशी मराठीत बोललेला नाही. काही विचारलं की जपानीत उत्तर देतो, तेही अदबीने, परक्या बाईला द्यावं तसं. मैत्रिणी म्हणतात, इथे वाढलेली मुलं अशीच गं, भाषा सुटतेच त्यांची.

मी म्हणते, हो ना.