ते ओरिजिनल आहे

सरांनी माझ्या कामात सुरी घातली. भरल्या हॉलमध्ये.

बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या गॅलरीत सरांच्या कलाचळवळीचं मोठं प्रदर्शन होतं. सोबत आम्हा नव्यांचं एकेक काम. माझं काम म्हणजे छताला टांगलेली चामड्याची बाई. तिचे टाके मी आणि आप्पांनी मिळून घातलेले, निपाणीला, आमच्या दारात बसून. आप्पांनी जन्मभर चपला शिवल्या.

सर ऐंशीचे. बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. तरुणपणी त्यांनी आपल्याच गुरूचा प्लास्टरचा पुतळा कॉलेजच्या आवारात फोडला. तिथून चळवळ सुरू झाली. माझ्या मारतहळ्ळीच्या खोलीत त्यांचा फोटो होता. देव नव्हता. ते होते.

"हे तर तुमच्या जातीचं कसब," सर माईकवर म्हणाले. "यात कला कुठंय? स्वल्प बाजूला हो, मुली."

आणि गळ्यापासून पोटापर्यंत फाडली तिला. टाके तटातट तुटले.

"आता झाली बघ कला. फोडल्याशिवाय नवं येत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कानात घुसल्या. मला आप्पांची बोटं दिसली, आरीनं भोसकलेली. 

हॉलच्या मधोमध काचेची पेटी. आत त्याच फोडलेल्या पुतळ्याचे तुकडे, मखमलीवर नीट मांडलेले. भोवती दोर, पितळी खांबांना अडकवलेला. मी एक खांब उपटला आणि घातला. काच गेली. दुसरा घाव प्लास्टरच्या नाकावर. तिसरा कपाळावर. पांढरा भुगा उडाला.

"अगं, ते ओरिजिनल आहे!" सर किंचाळले.

सिक्युरिटीवाल्यांनी हात पिरगाळले. सरांच्या एका शिष्यानं थोबाडीत मारली. ओठ फुटला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. दात रुतेपर्यंत. आता कुणी टाळी वाजवली नाही.

पोलीस ठाण्यात सर आले. त्यांना खुर्ची मिळाली. मी उभी, तोंडात रक्ताची चव.

"पाया पड. तक्रार मागं घेतो. सरी? ठीक?"

"तुम्ही पडला होतात तुमच्या गुरूच्या पाया?"

मागून तोच शिष्य म्हणाला, "यांना आत घेतलं की हे असं होतं."

यांना. एवढ्या वर्षांत तो शब्द मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. त्या दिवशी नीट ऐकला. जामिनावर सुटून खोलीवर गेले, सरांचा फोटो उतरवला, टाचेनं चेचला.

केस चालू आहे. गॅलऱ्या बोलवत नाहीत. हेब्बाळला मैत्रिणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी काम करते. परवा एकानं लेखात मला त्या चळवळीची वारस म्हटलं. मी फोन केला. म्हटलं, "ते वाक्य काढा. मी त्यांची कुणी नाही."

त्यांचं भांडण त्यांच्या गुरूशी होतं. माझं त्यांच्याशी आहे. कोर्टात विचारतील, फोडलं का? मी हो म्हणणार. माफी मागणार नाही. आणि माझ्या कामावर पुन्हा कुणी हत्यार उचललं, तर मी काचेपाशी थांबणार नाही.