किमला कुठं बसवायचं

तीस वर्षं पायपा जोडणाऱ्या माणसाच्या अंगाला गंज लागतो आणि डोक्यात किस्से साचतात. गंज घासून निघतो, किस्से निघत नाहीत. माझ्याकडचे निम्मे एकट्या विक्टर किमचे आहेत.

विक्टर माझा वेल्डर, आखातात, रास लफानच्या गॅस प्लांटवर. तोंड कोरियन, जन्म उझबेकिस्तानचा, बोली रशियन. त्याच्या आजीला लहानपणी रशियन सरकारनं आगगाडीत कोंबून तिकडं नेऊन टाकलेलं. आमची कंपनी सोलची. मेसमध्ये कोरियन साहेबांचं टेबल वेगळं. तिथून कुणीतरी एकदा "ये, बस" म्हणावं, एवढंच विक्टरला हवं होतं. बोलला कधीच नाही, पण ताट घेऊन तिथंच घुटमळायचा. मी काय आंधळा आहे?

*

पहिल्याच दिवशी एक कोरियन इंजिनिअर त्याच्याशी पाच मिनिटं त्यांच्या भाषेत बोलला. विक्टर मान डोलवत राहिला.

मी विचारलं, "क्या बोला?"

"मालूम नई काका. लेकिन अच्छा बोला."

*

गेटवरच्या नेपाळी गार्डला तर तो आपल्याच गावचा वाटला. त्याचंही सगळं विक्टरनं ऐकून घेतलं. आत येऊन मला म्हणाला, "काका, उसका भैंस बच्चा दिया."

*

एकदा डबा घेऊन तो त्या टेबलापाशी गेला. किसलेलं गाजर, लसूण, तिखट, वरून कढत तेल. कोरियन लोणचं कोबीचं; आजीला तिकडं कोबी मिळाला नाही, म्हणून तिनं गाजराचं घातलं.

इंजिनिअर खाऊन इंग्रजीत म्हणाला, "छान. कुठल्या देशाचं?"

"कोरियाचं."

डबा परत आला. मीच संपवला. बायकोच्या कोशिंबिरीपेक्षा बरं होतं, पण हे घरी बोलायचं नाही.

*

त्याला माझ्या मुलाच्या घरी नेलं, शहरात, ओल्ड एअरपोर्ट भागात. नातवाला मी विचारलं, "जेवलास का रे?"

"येस आजोबा, ऑलरेडी."

विक्टर मला म्हणतो, "काका, इसका भी टेबल गया."

त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही.

*

मग मोठ्या साहेबाच्या बापाचं वर्षश्राद्ध आलं. साहेबाला रजा मिळेना. त्यानं कॅम्पातल्याच खोलीत दुपारी बापाचं पान मांडलं. सहा इंजिनिअर मोबाइलात बघून ताटल्या इकडच्या तिकडं करत होते. टेबल उचलायला मला आणि विक्टरला बोलावलेलं.

विक्टर जरा वेळ बघत राहिला. मग पुढं झाला आणि मासा फिरवला. डोकं पूर्वेला. फळं सरकवली. चमचा भातात उभा खोवला.

"कुणी शिकवलं?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

"आजीनं."

"आता पुढं?"

"आता सगळे बाहेर. दार लावा. वडील जेवतायत."

सगळे उन्हात उभे. साहेब काळ्या कोटात.

"किती वेळ?"

"नऊ घास होईस्तोवर."

साहेबानं तोंडावरचा घाम पुसला, दोनदा घड्याळ बघितलं, आणि हळूच विक्टरला विचारलं, "जाऊ का आत?"

विक्टरनं दारावरची नजर काढली नाही.

"थांबा. सातवा चाललाय."