घेवराचा पंचनामा

आता काय सांगू, जयपुरात मी चक्क एक हेर पकडला होता! थांबा, हसू नका. पुढचं ऐका आणि मग खुशाल हसा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे केंद्र सरकारच्या चौकशी खात्यात, बनीपार्कात भाड्याचं घर. एका बड्या ठेकेदाराची चौकशी यांच्याकडे होती, आणि त्याचे हात म्हणे थेट मंत्र्यापर्यंत! यांनी मला बजावलं होतं, "कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही. घेतलंस की माझी नोकरी गेलीच म्हणून समज."

झालं! मला जो तो ठेकेदाराचा हेर दिसायला लागला. त्यातून समोरचे म्हातारे पारीकजी. त्यांचे प्रश्न तरी काय? "बेटी, भाई लेने कब आएगा? मायके कब जाओगी? कौन-सा रंग पसंद है?"

माझ्या आवडत्या रंगाशी या म्हाताऱ्याला काय करायचंय हो?

मी पाळत ठेवली. हे ऑफिसला गेले की मी खिडकीत, पडद्याआड. आमटी करपली, दूध उतू गेलं, पण खिडकी सोडली नाही.

आणि श्रावणात एका दुपारी पारीकजी दारात! हातात लाल कापडानं झाकलेलं ताट. "रख लो बेटी." कापड उचललं तर घेवर नावाची भलीथोरली मिठाई, लहरिया साडी, बांगड्या, मेंदी.

लाच! दुसरं काय?

"बैठिये यहीं! हिलना मत!" मी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीत डांबलं. आता यांना कळवायचं कसं? गल्लीत फोन एकच, तोही पारीकजींच्याच घरी! तिथेच गेले. त्यांच्या बायकोसमोरच उभं राहून यांना फोन केला, "लवकर या, लाच देणारा सापडलाय!" मराठीत बोलले ना, म्हणजे एकदम गुप्त.

हे दोन पंच घेऊन जीपनं आले. पारीकजी अजून खुर्चीतच. यांनी पंचनाम्याचा कागद काढला, तेवढ्यात पारीकजींची बायको धापा टाकत आली.

"साहब, यह तो तीज के त्योहार का सिंजारा है. ब्याही बेटी को पीहर से, मायके से आता है. इसका पीहर इतनी दूर, भाई भी नहीं आया. महीने भर से देख रही हूँ, बेचारी दिनभर खिड़की में खड़ी बाट जोहती है. मुझसे देखा नहीं गया."

अगं बाई! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आणि खरं सांगू? आईची अशी आठवण आली की त्या माउलीच्या गळ्यात पडून मी हमसून हमसून रडले. पारीकजी म्हणाले, "अब तो उठ जाऊँ, बेटी?"

पंचांनी तोवर अर्धा पुरावा खाऊन टाकला होता.

यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "आमच्या खात्यात पाळत सगळेच ठेवतात. पण ज्याच्यावर ठेवली त्यालाच कीव यावी, अशी आजवर कुणाला जमली नव्हती!"