काचेची आतली बाजू

ती दुपार आठवली की हातातला चहा आजही खाली ठेवावा लागतो. मे महिना होता. हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या आमच्या पोलीस ठाण्यात पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. एक मराठी बाई हातात रिकामा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चुगल्या करायची सवय नाही मला. पण आमच्या शेजारची म्हातारी गेली, आज सकाळीच पोचवून आले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात द्यायला गेले. बघते तर तिचा पोरगा अंगणात जुन्या गाडीच्या काचेची काळी फिल्म खरवडत बसलेला! आईची राख निवली नाही अजून. हौ साहेब, काहीतरी गडबड आहे."

ते घर मला माहीत होतं. आदल्याच दिवशी या मुलाने आई हरवल्याची तक्रार नोंदवली होती. तिला विसरभोळेपणाचा आजार. 'मला नांदेडला जायचंय' असा माहेरचा धोशा लावलेला. आमच्या लोकांनी नामपल्ली स्टेशन आणि बसस्टँड पालथा घातला होता. सकाळी मी बंदोबस्तावर असताना मुलगा येऊन सांगून गेला, आई घरातच सापडली, झोपेत गेली. शोधून न सापडलेली बाई घरातच झोपेत मरते? मी हवालदाराला घेतलं आणि निघालो.

अंगणात गोल टपाची जुनी गाडी, तोंड भिंतीकडे करून उभी. पन्नाशीचा मुलगा, खांद्यावर पंचा. शेजारी साबणाचं पाणी, ब्लेड आणि केस वाळवायचं मशीन. बाकीच्या काचांची फिल्म त्याने गरम करून, धीराने सोलली होती; मागे फक्त चिकट गोंद राहिला होता आणि त्यावर धूळ बसत होती. मागच्या उजव्या दाराची काच मात्र कोरडीच ओरबाडलेली. तिथे फिल्मचे तुकडे तसेच होते आणि याच्या बोटांतून रक्त येत होतं. म्हणजे सुरुवात याच काचेपासून, घाईघाईत झाली होती.

"आजच का काढतोयस?"

"सर, ब्लॅक फिल्मला तुमचेच लोक फाइन मारतात ना."

"गाडी किती वर्षांत फाटकाबाहेर गेली नाही? चाकाखाली गवत उगवलंय, बाबा."

त्याने ब्लेड पुन्हा पाण्यात बुडवलं. उरलेल्या फिल्मवर बारीक ओरखडे दिसत होते. विचारलं तर म्हणाला, "मांजर, सर."

मी बाहेरून अंगठा फिरवला. काच गुळगुळीत. फिल्म चिकटवतात ती आतून, हे कुणालाही ठाऊक आहे. दार उघडून आतली मूठ चाचपली, तर ती तुटलेली. दार फक्त बाहेरून उघडत होतं.

"ती नांदेडला निघाली होती, सर," तो मटकन खाली बसला. "दर दिवाळीला बाबा याच गाडीतून न्यायचे तिला. उन्हाने तिचं डोकं चढायचं, म्हणून बाबांनीच ही फिल्म लावून घेतली. आम्ही सगळं शहर फिरलो आणि ती इथं होती. बाहेरून काही दिसलंच नाही हो! बाबांना सांगू नका. ती पलंगावर गेली असंच सांगितलंय त्यांना. दिवसभर ते इथंच ओसरीवर बसून होते."

अंत्यसंस्कार झालेले, शवविच्छेदनाचा प्रश्नच संपलेला. जबाब मात्र घ्यावेच लागतात. मुलाला हवालदाराबरोबर ठाण्यात पाठवलं आणि मी ओसरीवर गेलो. तिथे त्याचे म्हातारे वडील बसले होते; त्यांची नजर केव्हाच गेली होती.

"बसा साहेब. सुतक आहे, चहा देता येणार नाही," ते म्हणाले. मी काही विचारण्याआधीच हळू आवाजात बोलू लागले. "काल ठकठक येत होती. मला वाटलं, शेजारी सुतार लागलाय. मी ओरडलो, 'अरे, बंद करा ते!' थोड्या वेळाने बंद झाली."

माझी लेखणी थांबली.

"पोरगा सकाळपासून काच घासतोय. आंधळा आहे, बहिरा नाही मी. पण मी ऐकलं होतं, हे त्याला सांगू नका. तो मला टाकणार नाही. सांभाळेल, आणि रोज माझ्याकडे बघून झिजेल."

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. कुणावर गुन्हा नाही. दोघांचे जबाब एकाच फाइलीत, एकामागे एक लावले. त्या घरात मात्र बाप-लेक पुढची कित्येक वर्षं समोरासमोर बसून जेवले आणि एकमेकांना जपत गप्प राहिले. खरं बाहेर काढलं की माणूस मोकळा होतो, असं आम्हाला शिकवलं होतं. कसलं काय! इथे खरं फक्त माझ्यापाशी आलं आणि माझ्या छातीवर बसलं.

म्हातारे आता नाहीत. मुलगा कधी बाजारात भेटतो, नमस्कार करतो. तो घरात मराठी बोलतो, पण शाळा तेलुगूतून झाल्यामुळे त्याला मराठी वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलंय. कुणी त्याला वाचून दाखवू नये, एवढीच हात जोडून विनंती.